टोचनसाठी जुना ट्रक घेताय? इंजिन नंतर बघा, आधी आरसीवरचा आकडा वाचा

16 टनी की 25 टनी? क्रेन बसवण्यासाठी जुना ट्रक निवडताना नेमके काय तपासायचे, वजनाची गफलत कुठे होते आणि ती किती महागात पडते. सोप्या हिशेबासह समजून घ्या

नागपूर : आउटर रिंग रोडवर भरलेला दहा चाकी ट्रक बंद पडला की पहिला फोन मेकॅनिकला जातो आणि दुसरा टोचनवाल्याला. थोड्या वेळाने जी गाडी येते, ती बहुतेक वेळा कंपनीतून तयार होऊन आलेली रिकव्हरी व्हॅन नसते. कधीकाळी कोळसा, संत्री किंवा सिमेंट वाहिलेला, पंधरा-वीस वर्षे चाललेला जुना ट्रक असतो. डाला काढून चेसिसवर बूम आणि विंच बसवलेली असते, मागे लोखंडी दांडा आणि साखळ्या.

हा धंदा नागपुरात चालतो, त्याचे कारण शहराच्या जागेत आहे. श्रीनगर-कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग 44 आणि सुरतकडून ओडिशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 इथे एकमेकांना छेदतात. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून सुरू होतो आणि 5 जून 2025 रोजी शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्यापासून तो अखंड वाहतो आहे. कोराडी-खापरखेड्याचा कोळसा, बुटीबोरीचा माल, कळमन्याची आवक-जावक या सगळ्याची चाके इथूनच फिरतात. जिथे एवढे ट्रक, तिथे बंद पडणारेही तेवढेच.

त्यामुळे वाडी, कापसी किंवा कामठी रोडवरच्या गॅरेजमध्ये एक प्रश्न नेहमी निघतो. टोचनसाठी जुना ट्रक घ्यायचा तर कोणता? उत्तर बहुधा इंजिनावरून दिले जाते : "हे इंजिन दमदार आहे, काहीही ओढेल."

ओढेल हे खरे. पण किती वजन पेलेल आणि किती वजन थांबवेल, हे इंजिन ठरवत नाही. ते ठरते ट्रकच्या वजनाच्या वर्गावरून. तो वर्ग चुकला की दंड होतो, विम्याचा दावा अडकतो आणि रस्त्यावर माणसे मरू शकतात.

थोडक्यात

- ट्रकच्या नावातील पहिले आकडे साधारणपणे वजनाचा वर्ग सांगतात, शेवटचे इंजिनाची ताकद. अंतिम आकडा मात्र आरसीवरचाच.
- मागे 3 टन उचलले की मागच्या एक्सलवर 3 टनांपेक्षा जास्त भार येतो आणि पुढची चाके हलकी होतात.
- भरलेला दहा चाकी उचलण्यासाठी सहा चाकी ट्रक पुरत नाही, इंजिन कितीही दमदार असो.
- साध्या मालवाहू ट्रकच्या विम्यात भाडे घेऊन केलेले टोचन धरले जात नाही.

1210, 1613, 2518 : या आकड्यांचा अर्थ काय?

जुन्या ट्रकची ओळखच आकड्यांनी होते. "बारा-दस", "सोळा-तेरा", "पंचवीस-अठरा" ही नावे ड्रायव्हरच्या तोंडी असतात. त्यांची रीत साधी आहे. पहिले दोन आकडे म्हणजे मालासह ट्रकचे एकूण वजन, अंदाजे टनांत. शेवटचे दोन आकडे दहाने गुणले की इंजिनाचे अश्वबळ.

म्हणजे 1210 हा साधारण 12 टनांचा आणि 100 अश्वबळाचा. 1613 हा 16 टनांचा आणि 130 अश्वबळाचा. 2518 हा 25 टनांचा आणि 180 अश्वबळाचा. 1986 मध्ये आलेला 407 याच रीतीचा धाकटा भाऊ : चार टनांच्या आसपासचा वर्ग. टाटा आणि अशोक लेलँड या दोन्ही कंपन्यांच्या अनेक मॉडेल्सना ही रीत लागू पडते. 4923 किंवा 5530 असे मोठे आकडे दिसले तर ते ट्रेलर ओढणाऱ्या 'घोड्या'चे असतात. तिथे पहिला आकडा घोडा आणि ट्रेलर मिळून होणाऱ्या वजनाचा असतो.

यात दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. एक, हा 16 टनांचा आकडा माल धरून आहे. 16 टनी ट्रक 16 टन माल वाहतो किंवा 16 टन उचलतो, असा त्याचा अर्थ नाही. दोन, नाव म्हणजे कागद नव्हे. त्याच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांचे मंजूर वजन वेगळे असू शकते. आरसीवर 'एकूण वजन' म्हणून जो आकडा छापला आहे, तोच कायद्यात चालतो.

परदेशी व्हिडिओंमधून येणारा गोंधळ

मोबाइलवर टोइंगचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना 'हाफ टन', 'थ्री क्वार्टर टन', 'क्लास 8' असे शब्द ओळखीचे झाले आहेत. अमेरिकेत ट्रकचे वजनानुसार आठ वर्ग आहेत. 6,000 पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण 2.7 टनांपर्यंत वर्ग 1 आणि 33,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 15 टनांच्या वर वर्ग 8. 'हाफ टन' हे जुन्या पिकअपच्या मालवहन क्षमतेवरून पडलेले नाव आहे.

भारतात ही विभागणी चालत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर हलके वाहन. 12,000 किलोच्या वर गेले की जड मालवाहू वाहन. या दोहोंच्या मधले ते मध्यम. टोचनसाठी ट्रक निवडताना पहिली रेषा 7.5 टनांवर आणि दुसरी 12 टनांवर आखायची, ती यामुळेच.

2018 मध्ये काय बदलले?

जुना ट्रक घेणाऱ्यांची सर्वात मोठी फसगत इथे होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 16 जुलै 2018 च्या अधिसूचनेने एक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली. त्यानंतर आलेल्या ट्रकचे आकडे जुन्यांपेक्षा मोठे आहेत :

- सहा चाकी, दोन एक्सल : आधी 16.2 टन, नंतर 18.5 टन
- दहा चाकी, तीन एक्सल : आधी 25 टन, नंतर 28 टन
- बारा चाकी, चार एक्सल : आधी 31 टन, नंतर 35 टन
- अठरा चाकी ट्रेलर : आधी 40.2 टन, नंतर 45.5 टन
- बावीस चाकी ट्रेलर : आधी 49 टन, नंतर 55 टन

या बेरजा एक्सलच्या मर्यादांतून येतात. सहा चाकी ट्रकच्या पुढच्या एक्सलला पूर्वी 6 टन आणि मागच्या चार टायरच्या एक्सलला 10.2 टन मुभा होती, म्हणून 16.2. आता ती 7 आणि 11.5 आहे, म्हणून 18.5. दहा चाकीच्या मागच्या जोड एक्सलची मर्यादा 19 वरून 21 टनांवर गेली.

विक्रेता म्हणतो, "आता नियम वाढलाय, हा पण साडेअठराचाच धरा." तसे धरता येत नाही. 2008 चा ट्रक 2008 च्या ब्रेकवर, पाट्यांवर आणि हाउसिंगवर उभा आहे. सरकारी कागदावर मर्यादा वाढल्याने त्याचे लोखंड जाड होत नाही. आरसीवर 16,200 लिहिले असेल तर हिशेब 16,200 चाच.

उचलले 3 टन, भार वाढला साडेचार टन

आता मुख्य मुद्दा. टोचनचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात बंद गाडीची चारही बाजूंची चाके जमिनीवर राहतात आणि ती दांड्याने किंवा साखळीने ओढली जाते. दुसऱ्यात तिचे पुढचे टोक बूमने उचलून मागच्या चाकांवर ती नेली जाते. दुसऱ्या प्रकारात वजनाचा खेळ अनेकांच्या लक्षात येत नाही.

सी-सॉ आठवा. क्रेन लावलेल्या ट्रकचा मागचा एक्सल हा त्याचा मधला टेकू. बूमला लटकलेले वजन या टेकूच्या मागे असते. त्यामुळे ते मागचा एक्सल दाबते आणि त्याच वेळी पुढचा भाग वर उचलू पाहते. पुढून कमी झालेला भारही मागच्याच एक्सलवर येऊन बसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, 16.2 टन वर्गाचा जुना सहा चाकी ट्रक आहे. क्रेन बसवल्यावर त्याचे स्वतःचे वजन 9.5 टन भरते : पुढे 3.5 आणि मागे 6 टन. दोन्ही एक्सलमधले अंतर 4.2 मीटर. उचलण्याची जागा मागच्या एक्सलच्या 2.1 मीटर मागे.

आता 3 टन उचलले. 3 ला 2.1 ने गुणून 4.2 ने भागले की 1.5 येते. एवढे टन पुढच्या एक्सलवरून कमी होतात. म्हणजे पुढे उरले 2 टन. मागच्या एक्सलवर 3 अधिक 1.5, असे साडेचार टन वाढले. तिथे भार झाला 10.5 टन.

एकूण वजन पाहिले तर 12.5 टन, 16.2 च्या कितीतरी आत. पण मागचा एक्सल 10.2 ची मर्यादा ओलांडून गेला. काट्यावर अख्खी गाडी चढवली तर सगळे ठीक दिसेल; फक्त मागची चाके चढवली तर खरे चित्र दिसेल.

आता हाच ट्रक भरलेल्या दहा चाकीला लावून पाहू. भरलेल्या ट्रकच्या पुढच्या एक्सलवर सहज 6 टन असतात. ते उचलले तर याच हिशेबाने मागे 9 टन वाढून भार 15 टनांवर जातो आणि पुढच्या चाकांवर उरतो फक्त अर्धा टन. स्टेअरिंग फिरते, पण गाडी वळत नाही. रस्त्यावरच्या उंचवट्यावर पुढची चाके चक्क हवेत जातात.

टोइंगच्या व्यवसायात यासाठी एक ठोकताळा वापरतात. वजन उचलल्यावर पुढच्या एक्सलवर त्याच्या मूळ भाराच्या निम्मा भार तरी राहिला पाहिजे. तो राहत नसेल तर त्या कामासाठी तो ट्रक लहान आहे.

मग दहा चाकी चेसिस पुरेल का?

हाच हिशेब 25 टन वर्गाच्या तीन एक्सल ट्रकवर लावू. समजा, जड क्रेनसह त्याचे वजन 15.5 टन आहे : पुढे 6, मागच्या जोड एक्सलवर 9.5. पुढच्या एक्सलपासून जोड एक्सलच्या मध्यापर्यंत अंतर 5.2 मीटर आणि उचलण्याची जागा त्याच्या 2.6 मीटर मागे. 6 टन उचलले की पुढून 3 टन कमी होतात, उरतात 3. मागे 9 वाढून होतात 18.5 टन.

मर्यादा 19 टनांची आहे आणि पुढचा भारही बरोबर निम्मा राहिला. काम काठावर झाले. 2018 नंतरच्या 28 टनी चेसिसवर, जिथे मागची मर्यादा 21 टन आहे, तेच काम जरा मोकळेपणाने होते.

बूमची लांबी वाढली की हे गणित झपाट्याने बिघडते. उचलण्याची जागा अर्धा मीटर मागे सरकली, तरी पुढची चाके आणखी हलकी होतात. म्हणून क्रेन बसवण्याआधी फॅब्रिकेटरशी बोलायची पहिली गोष्ट बूमच्या टनांची नाही, ती एक्सलपासूनच्या अंतराची आहे.

ओढणे सोपे, थांबवणे कठीण

"आम्ही उचलत नाही, फक्त दांड्याने ओढतो", असे काही जण सांगतात. मग एक्सलवर भार येत नाही, हे बरोबर. पण तिथे ब्रेक आडवे येतात.

बंद पडलेल्या ट्रकचे इंजिन चालू नसते. त्यामुळे कॉम्प्रेसर हवा भरत नाही. टाकीतली हवा संपली की ज्यांना स्प्रिंग ब्रेक आहेत त्यांची चाके जाम होतात. ती सोडवून गाडी ओढली, की तिचे स्वतःचे ब्रेक जवळपास नसल्यासारखेच. दोन्ही गाड्या थांबवण्याची जबाबदारी एकट्या पुढच्या ट्रकवर येते. पॉवर स्टेअरिंगही बंद असल्याने मागच्या गाडीचे चाक फिरवायला ड्रायव्हरला घाम फुटतो.

साडेनऊ टनांचा क्रेन ट्रक 28 टनांची भरलेली गाडी ओढतो आहे, असे धरू. दोन्ही मिळून 37.5 टन. रस्त्याला धरून ठेवणारी ब्रेक लागलेली चाके मात्र फक्त साडेनऊ टनांच्या ट्रकची. म्हणजे ब्रेक लागल्यावर वेग कमी होण्याची गती जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते.

कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगात हा ट्रक एकटा असताना ब्रेक लागल्यापासून सुमारे साडेदहा मीटरमध्ये थांबतो. मागे ओझे असताना त्याला 41 मीटरच्या आसपास लागतील. ताशी 25 वर हेच अंतर सुमारे 4 मीटरवरून 16 मीटरवर जाते. रस्ता ओला असेल, उतार असेल किंवा ड्रायव्हरला ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद उशीर झाला, तर ते आणखी वाढते.

नागपूर सपाट शहर असले तरी इथले उड्डाणपूल उताराचेच आहेत. शिवनीकडे जाताना कुरई घाट आहे. चढावर इंजिनाचा दम लागतो, पण जीव जातो तो उतारावर.

वाहतुकीच्या नियमांनी टोचनला वेगाची मर्यादा घातली ती याच कारणाने. ट्रेलर सोडून दुसरी गाडी ओढत असताना वेग साधारण ताशी 25 किलोमीटरच्या पुढे नेता येत नाही. दोन गाड्यांमधले अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको. दोर किंवा साखळी लांबून दिसेल अशी खूण हवी. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टेअरिंगवर त्या गाडीचा परवाना असलेला माणूस हवा. तिची पुढची चाके क्रेनने पक्की उचललेली असतील तरच यातून सूट मिळते. आणि टोचन हे बंद गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आहे, चारशे किलोमीटर घरी नेण्यासाठी नाही.

आणखी एक गोष्ट जुने मेकॅनिक न विसरता करतात. मागची चाके जमिनीवर ठेवून लांब न्यायचे असेल तर आधी जॉइंट खोलतात, म्हणजे गिअरबॉक्स आणि हाउसिंग यांना जोडणारा शाफ्ट काढतात. इंजिन बंद असताना चाकांमुळे गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरत राहतो, पण आत ऑइल उडून सगळीकडे पोहोचत नाही. काही किलोमीटरमध्ये बेअरिंग जळते. बंद पडला होता क्लच आणि बिल आले गिअरबॉक्सचे, असे प्रकार यातूनच होतात.

कोणत्या कामाला कोणता वर्ग?

कार आणि छोटे टेम्पो. यांना ओढण्यापेक्षा सपाट फ्लॅटबेडवर चढवून नेणे बरे. इथे 7.5 टनांच्या आतला ट्रक पुरतो. मात्र 5 टनांच्या आसपासच्या ट्रकवर सरकणारा लोखंडी फ्लॅटबेड बसवला की मालासाठी दीड-पावणेदोन टनच उरू शकतात. छोटी कार सहज बसेल, दोन टनांच्या पुढची एसयूव्ही बसणार नाही. काम मुख्यतः एसयूव्हीचे असेल तर थेट 7 ते 7.5 टन वर्ग बघावा.

रिकामे सहा चाकी ट्रक, मिनी बस, भरलेले लहान मालवाहू. यांचे पुढचे टोक साधारण अडीच-तीन टनांत उचलले जाते. 16 टनी चेसिस चालेल, पण वरचा एक्सलचा हिशेब आपल्या गाडीला लावून मगच. 12 टनी 1210 इथे स्वस्त मिळाला तरी मोह टाळलेला बरा. क्रेनचे वजन गेल्यावर त्याच्याकडे उचलायला फारसे काही उरत नाही.

भरलेले सहा चाकी आणि दहा चाकी. तीन एक्सल चेसिसच घ्यावी. 25 टनी काठावर, 28 टनी योग्य.

बारा चाकी आणि ट्रेलर. बिघाड घोड्यात असेल तर संपूर्ण गाडी टोचन करण्याऐवजी ट्रेलर सोडवून तो दुसऱ्या घोड्याला लावणे हाच शहाणपणा. दुसरा घोडा त्याच किंवा वरच्या वजन वर्गाचा असावा, किंगपिनचा आकार जुळावा आणि हवेच्या नळ्या जोडल्या जाव्यात. हवा जोडली की ट्रेलरचे ब्रेक पुन्हा कामाला लागतात. रिकामा घोडा मग तीन एक्सल क्रेनला जड जात नाही.

पलटी झालेली गाडी. इथे सगळीकडे 'हायड्रा' बोलावतात. उचलून सरळ करण्यासाठी ती उपयोगाची आहे. पण तिची टनांची क्षमता बूम आत असतानाची असते. बूम जसजसा लांबतो, तशी ती घटते. आणि ती जागेवर उचलण्याचे यंत्र आहे, महामार्गावर दुसरी गाडी लटकवून किलोमीटर तोडण्याचे नाही.

परवाना, परमिट, विमा : कागद कुठे अडतात?

परवाना. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले, की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचे व्यावसायिक वाहनही चालवू शकते. छोट्या फ्लॅटबेडसाठी हा मोठा दिलासा आहे. मात्र त्याच्या वरच्या ट्रकला वेगळा परवाना लागतोच. त्यासाठी वय किमान 20 वर्षे आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो.

बदलाची नोंद. डाला काढून क्रेन बसवणे हा वाहनाच्या मूळ रचनेतला बदल आहे. कायद्याच्या कलम 52 नुसार त्याला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. आरसीवर 'मालवाहू' आणि रस्त्यावर क्रेन असे असेल तर अपघातानंतर पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो.

वय. 15 वर्षे झाली की ट्रक भंगारात काढावाच लागतो, हा समज चुकीचा आहे. ती सक्ती 1 एप्रिल 2023 पासून सरकारी वाहनांना आहे. खासगी मालकाचा ट्रक फिटनेस मिळेपर्यंत चालू शकतो. 8 वर्षांनंतर हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते आणि वयाच्या टप्प्यांनुसार शुल्क वाढत जाते. राष्ट्रीय परमिटला मात्र वयाची अट आहे : दोन एक्सल ट्रकला 12 वर्षे, बहुएक्सल ट्रकला 15 वर्षे. नागपूरहून शिवनी, बैतूल किंवा राजनांदगावच्या दिशेने जाणारे काम डोळ्यांसमोर असेल तर हे आधीच तपासायला हवे.

दंड. आरसीवरील एकूण वजन ओलांडले तर कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. काट्यावर जायला नकार दिला तर 40,000 रुपये.

विमा. हा मुद्दा सर्वात कमी माहीत असलेला आणि सर्वात महाग. व्यावसायिक वाहनाच्या प्रचलित पॅकेज पॉलिसीत एक बंद गाडी ओढण्याची मुभा आहे, पण ते काम भाडे घेऊन केलेले नसावे, अशी अट सोबत आहे. ओढल्या जाणाऱ्या गाडीचे आणि तिच्यातल्या मालाचे नुकसान त्यात येत नाही. म्हणजे मित्राची गाडी फुकट ओढली तर संरक्षण आहे; पैसे घेऊन ओढली आणि साखळी तुटून मागची गाडी कोणावर गेली, तर कंपनी या अटीवर बोट ठेवू शकते. टोचनचा धंदा करायचा असेल तर पॉलिसी घेतानाच तो उपयोग लेखी कळवून त्यासाठीचे संरक्षण मागून घ्यावे लागते.

पैसे देण्याआधी चार गोष्टी

पहिली, आरसी आणि परिवहन विभागाच्या ऑनलाइन नोंदीतील एकूण वजन एकच आहे का, ते पाहणे. चेसिस क्रमांक स्वतः गाडीवर वाचून जुळवणे.

दुसरी, काट्यावर दोनदा वजन करणे. एकदा फक्त पुढची चाके, एकदा पूर्ण गाडी. वजाबाकीतून मागच्या एक्सलचा भार मिळतो. वरचा हिशेब मग कागद-पेन्सिलने पाच मिनिटांत होतो. क्रेन बसवल्यानंतर हेच पुन्हा करायचे.

तिसरी, चेसिस. बूम जिथे बसणार तिथे जुने वेल्डिंग, भेगा, वाकलेपणा आहे का? पाट्यांची पाने तुटलेली किंवा नंतर वाढवलेली आहेत का? जादा पान टाकले म्हणून एक्सलची क्षमता वाढत नाही. गाडी फक्त कमी दबलेली दिसते.

चौथी, ब्रेक. हवा भरून इंजिन बंद केल्यावर मीटरचा काटा किती लवकर उतरतो, ते बघणे. टोचनच्या ट्रकला हे इंजिनाच्या आवाजापेक्षा महत्त्वाचे.

आणि ज्याची गाडी बंद पडली आहे, त्याच्यासाठीही एक सूचना. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर मदत मागता येते. फोनवर फक्त "ट्रक बंद पडला" एवढे सांगून भागत नाही. चाके किती, माल किती टन, बिघाड पुढे की मागे आणि ब्रेक जाम आहेत का, हे सांगितले तर त्या वजनाची क्रेन येते. नाहीतर समोर दिसेल त्या गाडीला साखळी बांधली जाते.

बाजारात आज जुना 16 टनी ट्रक 25 टनीपेक्षा कमी पैशांत मिळतो. फरकाचे ते पैसे वाचले असे वाटते. पण पहिल्या भरलेल्या दहा चाकीच्या वेळी, उड्डाणपुलाच्या उतारावर, समोर सिग्नल लाल झाल्यावर तो फरक किती होता ते कळते. तेव्हा 130 अश्वबळ कामाला येत नाही. मागच्या एक्सलची मर्यादा आणि साडेनऊ टनांच्या ट्रकचे ब्रेक, एवढेच हातात असते.